नऊ मिनिटांचा बॉक्सर प्रो व्हायचं म्हणतो तेव्हा

राज्य स्पर्धेत लागोपाठ गोल्ड, नॅशनलला एखादं ब्राँझ, इंटर-युनिव्हर्सिटीला ‘बेस्ट बॉक्सर’. अशी मुलं माझ्याकडे येतात आणि म्हणतात, सर, आता प्रो व्हायचंय, म्हणजे अमॅच्युअर (हौशी) स्पर्धा सोडून पैशासाठी खेळायचंय. त्यांच्या हातात खरोखर कला असते. तरी त्यातली बरीचशी चौथ्या-पाचव्या बाऊटला (लढतीला) अडकतात, आणि घरच्यांना कळत नाही की एवढा चांगला खेळणारा पोरगा एकाएकी असा साधा का दिसायला लागला. मी आधी सर्व्हिसेसकडून (सैन्यदलांच्या संघाकडून) खेळलो. आता पुण्यात हॉल चालवतो आणि प्रो कार्डवर, म्हणजे प्रो बाऊटच्या कार्यक्रमात, मुलांचा कॉर्नर करतो (राउंडच्या मध्ये त्यांना सांभाळतो, सूचना देतो). मुलं कुठे आणि का अडकतात, आणि त्यावर काय करायचं, ते इथे लिहितोय. मुलासाठी लिहितोय म्हणून ‘तू’ म्हणतोय. नोकरीचा आणि कराराचा भाग मात्र आईवडिलांनीही वाचावा.

मुळात तू नऊ मिनिटांचा बॉक्सर म्हणून घडला आहेस. तीन मिनिटांचे तीन राउंड, की बाऊट संपली. पहिल्या बेलपासून सुटायचं, पहिला राउंड आपल्या नावावर करायचा, तिसऱ्यात उरलंसुरलं ओतायचं. प्रोमध्ये सुरुवात चार राउंडने होते, मग सहा, आठ, दहा. वर्ल्ड टायटलची बाऊट बारा राउंडची, म्हणजे ३६ मिनिटं. (मुलींचा राउंड सहसा दोन मिनिटांचा, टायटल दहा राउंडचं.) एवढ्या वेळात समोरचा माणूस तुला वाचतो, तुझी लय ओळखतो, आणि तुझी आवडती युक्ती पाचव्या राउंडपर्यंत त्याला पाठ झालेली असते.

हे फक्त आपल्या पोरांच्याच वाट्याला येतं असं समजू नकोस. युक्रेनचा वासिल लोमाचेन्को २००८ आणि २०१२ चा ऑलिंपिक विजेता. अमॅच्युअरमध्ये ३९६ विजय आणि एक पराभव असा त्याचा हिशेब सांगतात. त्याच्याइतका तांत्रिक बॉक्सर मी पाहिलेला नाही. १ मार्च २०१४ ला सॅन अँटोनिओत, प्रो म्हणून दुसऱ्याच बाऊटला, तो थेट वर्ल्ड टायटलसाठी ऑर्लांडो सालिडोसमोर उभा राहिला. सालिडो आदल्या दिवशी ठरलेल्या वजनात बसलाच नव्हता, दोन पौंडांहून जास्त वर होता. रिंगमध्ये त्याने लोमाचेन्कोला धरलं, ढकललं, कमरेखाली मारलं, अंगाला अंग लावून बॉडीवर काम केलं. लोमाचेन्को पहिले राउंड नुसता मापं घेत राहिला. बाराव्या राउंडला त्याने सालिडोला जवळजवळ झोपवला, पण उशीर झाला होता. निकाल विभागून, दोन जज विरुद्ध एक असा, सालिडोकडे गेला. जूनमध्ये लोमाचेन्कोने गॅरी रसेलला हरवून टायटल मिळवलंच, कारण मधल्या तीन महिन्यांत त्याने दुरुस्ती केली. ही बाऊट इंटरनेटवर सापडते. प्रो व्हायचं असेल तर ती आधी पूर्ण बघ, बारा राउंड, पुढे न ढकलता.

आधी नोकरीचं बघ

रेल्वे, पोलीस, सर्व्हिसेस किंवा एखादी सार्वजनिक कंपनी, कुठेही स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागली असेल तर ती सोडायची नाही. मी हे ठासून सांगतो, आणि याच्यावर मुलं माझ्याशी वाद घालतात. आपल्याकडे चार राउंडच्या बाऊटचे जे पैसे मिळतात, त्यात कॅम्पचा, म्हणजे बाऊटआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, खुराकही निघत नाही. फिजिओ, प्रवास, मेडिकल, स्पॅरिंगसाठी (पार्टनरबरोबरच्या सरावाच्या लढतींसाठी) बाहेरगावी राहणं, हे सगळं वेगळं. पहिली दोन-तीन वर्षं तुला पगारच जगवणार आहे.

सरकारी नोकरीत असताना बाहेरून मानधन घ्यायला लेखी परवानगी लागते. अर्ज कर, त्याची पोच घे, उत्तर येईपर्यंत कुठेही सही करू नकोस. साहेब तोंडी ‘खेळ रे’ म्हणाले, याला बदलीनंतर काही किंमत राहत नाही. नोकरी लागायची असेल आणि वय बाकी असेल, तर आधी नोकरी, मग प्रो.

ऑलिंपिकचं स्वप्न असेल तर तेही आताच स्पष्ट करून घे. २०१६ पासून प्रो बॉक्सरला ऑलिंपिकची दारं उघडी झाली. आपला विकास कृष्ण २०१९ मध्ये अमेरिकेत दोन प्रो बाऊट खेळला, दोन्ही जिंकला, परत आला, पात्र ठरला आणि टोकियोला उतरला. म्हणजे परतीचा रस्ता आहे. पण विकास तेव्हा आशियाई सुवर्णपदक विजेता होता. राज्य पातळीवरच्या मुलाला राष्ट्रीय संघाच्या कॅम्पमध्ये परत घेतील का, हे बॉक्सिंग फेडरेशनकडून लेखी विचारून घ्यायचं.

पाय आणि ठोसा: सगळ्यात जास्त काम इथे आहे

अमॅच्युअरमध्ये तू पंजांवर उड्या मारत आत-बाहेर करतोस. आत शिरतोस, दोन-तीन टपटप मारतोस, गार्डला (समोरच्याने आडव्या धरलेल्या हातांना) लागले तरी आवाज होतो, आणि बाहेर पडतोस. पाच जज बघत असतात, त्यांच्या नजरेत भरायचं असतं. प्रोमध्ये जज तीन, आणि त्यांना समोरच्याचं डोकं मागे गेलं का, पाय अडखळले का, हे दिसायला हवं असतं. दुसरं, नऊ मिनिटं उड्या मारता येतात, २४ मिनिटं येत नाहीत. पोटऱ्या भरून येतात आणि मग तू अचानक जागेवर उभा राहतोस, तेही गार्ड खाली घेऊन. मी कॉर्नरमधून हे नेमकं चौथ्या राउंडच्या मध्यावर होताना पाहतो.

म्हणून पहिले तीन महिने एकही बाऊट घ्यायची नाही. या काळात काय करायचं ते असं.

स्टान्स (उभं राहण्याची ठेवण) किंचित आखूड कर आणि गुडघ्यात बस. मागच्या पायाची टाच जमिनीपासून नखभरच वर हवी. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारताना पुढच्या पायावर वजन आलं पाहिजे आणि ठोसा संपेपर्यंत पाय उठता कामा नये. हे शिकवायला मी बॅगवर एका वेळी एकच ठोसा मारायला लावतो. राउंडभर फक्त जॅब. पुढचा राउंडभर फक्त क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा). बॅग डोलली नाही पाहिजे, धसली पाहिजे. मुलांना कंटाळा येतो, कारण त्यांना सहा-सहा ठोशांची जोडणी पाठ असते आणि ती मारताना स्वतःला बरं वाटतं. कंटाळा येऊ दे. तीन आठवड्यांनी पॅड धरणाऱ्या माझ्या तळव्याला फरक कळतो.

मग आतलं काम. अमॅच्युअरमध्ये दोघं चिकटले की रेफरी लगेच सोडवतो, त्यामुळे आपल्या मुलांना छातीला छाती लागल्यावर काय करायचं हे कोणी शिकवलेलंच नसतं. प्रोमध्ये एक हात मोकळा असेल तर रेफरी खेळू देतो. यासाठी जुन्या ट्रकच्या टायरचा उपयोग कर. टायर जमिनीवर आडवा ठेव, दोघांनीही पुढचा पाय टायरच्या आत ठेवायचा, आणि पाय बाहेर न काढता तीन मिनिटं हलक्या हाताने खेळायचं. कपाळ समोरच्याच्या खांद्याला लावायला शिक, कोपर आत ठेवायला शिक, त्याच्या दंडावर तळवा ठेवून अर्धं पाऊल वळायला शिक. तेवढ्या अर्ध्या पावलात डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बसायला जागा होते. समोरच्याच्या उजव्या बरगडीखाली यकृत असतं. तिथे नीट बसलेला डावा हुक माणसाला उभ्या उभ्या दुमडतो. तुझंही यकृत तिथेच आहे, त्यामुळे उजवं कोपर बरगडीपासून लांब नेऊ नकोस.

चीनचा झौ शिमिंग इथे आठवतो. बीजिंग आणि लंडन, दोन्ही ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. हात खाली ठेवून, नाचत, आत-बाहेर करत त्याने अमॅच्युअर जग जिंकलं. २०१३ मध्ये मकाऊत प्रो झाला तेव्हा फ्रेडी रोचसारखा प्रशिक्षक त्याला पाय रोवून मारायला शिकवत होता. त्या वेळी तो ३१ वर्षांचा होता, सवयी हाडात गेलेल्या. मार्च २०१५ मध्ये थायलंडच्या अम्नात रुएनरोएंगकडून टायटलची बाऊट गुणांवर हरला, नोव्हेंबर २०१६ मध्ये टायटल मिळवलं आणि जुलै २०१७ मध्ये शांघायला, आपल्याच लोकांसमोर, जपानच्या शो किमुराने त्याला ११ व्या राउंडला थांबवलं. किमुरा काही त्याच्याइतका कलाकार नव्हता, पण अकराव्या राउंडलाही पुढे चालत होता. त्यामुळे वय २४-२५ च्या आत असेल तर हा बदल सोपा जातो. त्यानंतर जायचं असेल तर तीन नाही, सहा महिने दे.

ग्लोव्हज आणि गुण, हे छोटं वाटतं पण नाही

अमॅच्युअरमध्ये हलक्या वजनात १० औंस, वरच्या वजनात १२ औंसचे ग्लोव्हज. प्रोमध्ये वेल्टरपर्यंत, म्हणजे १४७ पौंडांपर्यंत, ८ औंस आणि त्यावर १० औंस. आकार लहान झाला की तुझ्या गार्डला फटी पडतात. जो ठोसा तू दोन्ही ग्लोव्हजच्या मागे लपून अडवत होतास, तो आता मधून आत येतो. म्हणून नुसतं झाकून उभं राहणं सोड. खांद्याने सरकवणं, डोकं ठोशाच्या रेषेबाहेर नेणं, मागे अर्धं पाऊल टाकणं, यावर वेळ घाल. स्पॅरिंग १६ औंसनेच कर, पण पॅडवर आठवड्यातून एकदा खऱ्या मापाचे ग्लोव्हज घाल, म्हणजे हाताला अंतर कळेल.

खाली पडलास तर अमॅच्युअरमध्ये आपोआप जादा गुण जात नाहीत. प्रोमध्ये तो राउंड साधारण १०-८ होतो, समोरच्याला दहा आणि तुला आठ. आणि अमॅच्युअरसारखं उभ्याउभ्या आठ मोजणं प्रोमध्ये सहसा नसतं. तू हादरलास तर रेफरी एक तर बाऊट थांबवतो किंवा चालू ठेवतो, मधली विश्रांती मिळत नाही. त्यामुळे हादरल्यावर काय करायचं याचा सराव ठरवून करावा लागतो. पहिलं काम समोरच्याचे दोन्ही हात काखेत घट्ट धरणं. जमलं नाही तर एक गुडघा टेकणं आणि आठपर्यंत खालीच राहणं. मुलं लाजेने दोनवर उठतात. आठ सेकंद तुझी आहेत, पूर्ण वापर.

दम

पुण्यातली मुलं रोज सकाळी तळजाईला सात-आठ किलोमीटर एकाच लयीत पळून येतात आणि रोडवर्क झालं म्हणतात. ते आठवड्यातून दोनदा पुरे. बाकी दोन दिवस राउंडच्या मापाने पळ. तीन मिनिटं जोरात, इतकं की बोलता येणार नाही, मग एक मिनिट चाल. चारपासून सुरू कर आणि आठवड्याला एकाने वाढव, आठपर्यंत. एक दिवस चढावर तीस-तीस सेकंदांच्या धावा.

बॅग आणि पॅडचेही राउंड असेच चढव. पहिल्या महिन्यात सहा, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात दहा. स्पॅरिंगचं वेगळं आहे, ते वाढवायचं नसतं, निवडायचं असतं. बाऊटच्या आठ आठवडे आधी कॅम्प सुरू होतो. त्यातले पहिले दोन आठवडे स्पॅरिंग नाही. पुढचे चार-पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा, आणि त्यातलं एकच जोराचं. चार राउंडची बाऊट असेल तर सहा राउंड स्पॅर करायचं, आणि दर दोन राउंडला ताजा पार्टनर आत सोडायचा. शेवटचे दहा दिवस डोक्याला एकही ठोसा नाही.

हॉलमध्ये रोज एकमेकांची डोकी फोडणं म्हणजे तयारी, असं मानणारे प्रशिक्षक अजून आहेत. त्यांच्याकडून मूल काढून घ्या, असं मी पालकांना सरळ सांगतो. मेंदूला बसणारे बहुतेक ठोसे बाऊटमध्ये नाही, सरावात बसतात.

वजन काढणं

अमॅच्युअर स्पर्धेत खेळायच्या दिवशी सकाळी वजन होतं, त्यामुळे तू आपल्या मूळ वजनाच्या जवळ खेळतोस. प्रोमध्ये वजन आदल्या दिवशी होतं, आणि मधल्या रात्रीत लोक भरून येतात. ही सोय बघून मुलांना हाव सुटते. अमॅच्युअरला ७० किलोत खेळणारा मुलगा म्हणतो, मी १४० पौंडात, म्हणजे साडेत्रेसष्ट किलोत उतरतो, सगळ्यांपेक्षा मोठा दिसेन. मोठा दिसेलही, पण दुसऱ्या राउंडनंतर पाय चालणार नाहीत, आणि कोरड्या शरीराच्या मेंदूला ठोसा जास्त लागतो.

माझा हिशेब साधा आहे. कॅम्प सुरू होताना वजनाच्या १० टक्क्यांहून वर असायचं नाही. शेवटच्या आठवड्यात पाण्यातून काढायचं ते ३-४ टक्क्यांपर्यंतच. १४७ पौंड म्हणजे ६६.७ किलो. त्यासाठी त्या आठवड्याच्या सोमवारी तू ६९ च्या आत असला पाहिजेस. भाकरी, डाळ, अंडी, चिकन, भाज्या हेच खा, फक्त मापात. शेवटचे चार दिवस लोणचं, पापड, फरसाण आणि बाहेरचं बंद, कारण मीठ पाणी धरून ठेवतं. लघवीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. त्या उत्तेजक चाचणीत सापडतात आणि माणूसही जाऊ शकतो. प्लास्टिकचा सूट घालून उन्हात पळणं माझ्या हॉलला बंद आहे.

काट्यावरून उतरलास की घटाघटा पाणी पिऊ नकोस. ओआरएस घोट घोट, पहिल्या तासात एक लिटरपर्यंत. मग मऊ भात, वरण, केळं, दही. दोन तासांनी नीट जेवण. तिखट, तळलेलं, आणि कौतुकाने कोणी आणलेली बिर्याणी बाऊट झाल्यावर.

कागदपत्रं आणि करार

भारतात प्रो बॉक्सिंगचं लायसन्स इंडियन बॉक्सिंग कौन्सिल देते, ते काढायचं. त्यासाठी आणि स्वतःसाठी मेडिकल करून घे. मेंदूचा एमआरआय, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, ईसीजी, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी व सी. डोळ्याची तपासणी बुबुळावर थेंब टाकून, बाहुली मोठी करून झाली पाहिजे. नुसता चष्म्याचा नंबर काढून दिलेला कागद उपयोगाचा नाही. पहिला एमआरआय जपून ठेव, पुढचे सगळे त्याच्याशी ताडून बघायचे असतात.

आता करार. प्रमोटर कार्ड भरवतो, मॅनेजर तुझं हित बघतो. दोघं एकच असतील तर तुझ्या पैशासाठी भांडणार कोण? अमेरिकेत २००० साली मुहम्मद अलींच्या नावाने कायदा झाला, तो याच कारणाने. तिथे प्रमोटरला मॅनेजरच्या कामात आर्थिक हितसंबंध ठेवता येत नाही. आपल्याकडे बॉक्सरसाठी असा कायदा नाही, म्हणून जे काही वाचवायचं ते कराराच्या कागदातच वाचवावं लागतं. जिल्हा कोर्टातल्या एखाद्या वकिलाला फी देऊन कागद वाचून घे, मराठीत समजावून घे, आणि एवढं विचार.

करार किती वर्षांचा? तीनपेक्षा जास्त नको. वर्षाला किमान किती बाऊट देणार, आणि नाही दिल्या तर मी मोकळा का? टायटल जिंकलं तर करार आपोआप वाढतो का? मेडिकल, प्रवास, राहणं, कॉर्नरच्या माणसांचा खर्च कोणाचा? बाऊटमध्ये दुखापत झाली तर हॉस्पिटलचं बिल कोण भरणार, आणि कुठवर? पैसे कधी मिळणार? मॅनेजरला किती टक्के, प्रशिक्षकाला किती टक्के, आणि ते खर्च वजा करण्याआधी की नंतर? प्रशिक्षकाचा १० टक्के हा जगभरचा रिवाज आहे. मॅनेजरने २५ च्या वर मागितलं तर उठून ये.

माझ्या एका मुलाला एका आयोजकाने बाऊटनंतर ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणून महिनोन्‌महिने फिरवलं. कागदावर तारीखच नव्हती, त्यामुळे भांडायला आधारच उरला नाही. तेव्हापासून माझा मुलगा वजनाच्या दिवशी अर्धे आणि रिंगमध्ये चढायच्या आधी उरलेले पैसे घेतो, आणि ते करारात लिहिलेलं असतं.

कोणाशी आणि कधी खेळायचं

इथे दोन टोकं असतात आणि दोन्हीकडे चांगली मुलं वाया जातात. इंग्लंडचा ऑडली हॅरिसन बघ. सिडनी २००० चा सुपर हेवीवेट सुवर्णविजेता, बीबीसीने पहिल्या दहा बाऊटसाठी दहा लाख पौंड दिले. त्याने स्वतःच प्रमोशन हातात घेतलं आणि सोपे प्रतिस्पर्धी निवडले. १९ पैकी १९ जिंकला. मग डिसेंबर २००५ मध्ये डॅनी विल्यम्स समोर आला आणि लंडनच्या प्रेक्षकांनी एक गोंधळलेला, हात न सोडणारा माणूस पाहिला. त्या १९ बाऊटमध्ये त्याला कोणी प्रश्नच विचारला नव्हता. दुसरं टोक लोमाचेन्कोचं, दुसऱ्या बाऊटला टायटल. तो तो होता म्हणून सावरला.

विजेंदर सिंगची सुरुवात मला मोजूनमापून केलेली वाटते. १० ऑक्टोबर २०१५ ला मँचेस्टरला पदार्पण, मग थोड्या-थोड्या आठवड्यांनी बाऊट, आणि १६ जुलै २०१६ ला दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये केरी होपविरुद्ध पूर्ण दहा राउंड खेळून डब्ल्यूबीओ या जागतिक संघटनेचं आशिया-पॅसिफिक टायटल. बीजिंगचं ब्राँझ खिशात असूनही त्याने आधी छोट्या बाऊटमध्ये सवय केली. पुढच्या वर्षी ५ ऑगस्टला वरळीच्या एनएससीआयमध्ये चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीने त्याला दहा राउंड ताणलं आणि निकाल अगदी थोड्या गुणांनी लागला. अशा बाऊट बॉक्सरला घडवतात. आणि खंड काय करतो तेही त्याच्याच उदाहरणात दिसतं. नोव्हेंबर २०१९ नंतर तो थेट मार्च २०२१ मध्ये उतरला, गोव्यात, पणजीला कॅसिनोच्या जहाजावर बांधलेल्या रिंगमध्ये. रशियाच्या आर्तिश लोप्सानने त्याला पाचव्या राउंडला थांबवलं. तोवर तो एकदाही हरला नव्हता. त्यात कोविडचा काळ होता, दोष कोणाचा नाही, पण सोळा महिने खरी बाऊट न खेळलेल्या पस्तिशीतल्या शरीराला नुसत्या सरावाने धार येत नाही.

तुझ्यासाठी मी असं सुचवतो. पहिल्या चार बाऊट चार राउंडच्या, दर आठ-दहा आठवड्यांनी एक. पहिला प्रतिस्पर्धी असा की जो तुला दुखावू शकणार नाही पण चारही राउंड उभा राहील. दुसरा डावखुरा. तिसरा तुझ्यापेक्षा उंच. चौथा अंगावर येणारा, धरणारा, सालिडोच्या जातीचा. पाचवी-सहावी सहा राउंडची. पहिल्या राउंडला नॉकआउट मिळत गेले तर टाळ्या पडतात, पण शिकायला काही मिळत नाही, म्हणून अशा दोन बाऊट झाल्या की मी तिसरा प्रतिस्पर्धी मुद्दाम टणक मागतो. प्रतिस्पर्धी ठरला की बॉक्सरेक या रेकॉर्डच्या वेबसाइटवर त्याचा रेकॉर्ड उघड आणि त्यातला हरलेला आकडा बघून खूश होऊ नकोस. तो कोणाकोणाशी हरला, आणि किती वेळा गुणांवर हरला ते बघ. वीस हरलेला आणि कधीच न पडलेला माणूस तुला रडवू शकतो.

कॉर्नर

एक मिनिटात तिघं जण एकदम ओरडत असतील तर तू काहीच ऐकत नाहीस. बोलणारा एकच हवा. पहिले वीस सेकंद श्वास आणि पाणी, मग दोन सूचना, त्याहून जास्त नाही. भुवई फुटली तर ती बांधणारा वेगळा माणूस हवा, ज्याला रक्त थांबवणारा ॲड्रेनलिनचा बोळा किती वेळ दाबून धरायचा हे माहीत आहे. हेडगार्ड नसतं, कपाळं आपटतात, आपल्याकडे चांगल्या मुलांच्या बाऊट साध्या चिरेमुळे थांबल्यात. व्हॅसलीन, गॉज, बर्फात ठेवलेली लोखंडी पट्टी हे सामान स्वतःचं घेऊन जा, आयोजकाच्या भरवशावर राहू नकोस.

टॉवेल कधी टाकायचा, म्हणजे आपणहून हार मानून बाऊट कधी थांबवायची, ते बाऊटच्या आधी, शांत डोक्याने, आई किंवा वडील समोर असताना ठरवून घे. तो अधिकार फक्त प्रशिक्षकाचा. नॉकआउट झाला तर ९० दिवस स्पॅरिंग नाही आणि नवा एमआरआय आल्याशिवाय हॉलमध्ये ग्लोव्हज नाही, हा माझ्याकडचा नियम आहे, मूल कोणाचंही असो.

हरल्यावर

अमॅच्युअरमध्ये तू हरलास तर पुढच्या महिन्यात दुसरी स्पर्धा असते. प्रोमध्ये रेकॉर्डवर पराभवांच्या रकान्यात शून्याच्या जागी एक लागतो आणि फोन यायचे बंद होतात. त्या शांततेत मुलं खेळ सोडतात. ब्राझीलचा रॉब्सन कॉन्सेसाओ रिओचा सुवर्णविजेता. वर्ल्ड टायटलसाठी २०२१ मध्ये हरला, २०२२ मध्ये हरला, २०२३ मध्ये बरोबरी झाली. जुलै २०२४ मध्ये, ३५ व्या वर्षी, चौथ्या प्रयत्नात जिंकला. हरल्यावर दोन आठवडे विश्रांती घे, मग व्हिडिओ आवाज बंद करून बघ आणि प्रत्येक राउंडला तू कुठे उभा होतास तेवढंच वहीत लिही. दोरीला पाठ लागलेली असेल तर पायांवर काम, मध्यावर उभा राहून मार खाल्ला असेल तर डोक्याच्या हालचालीवर. पुढची बाऊट चार राउंडचीच घे, लाज बाळगू नकोस.

सही करण्याआधीची चाचणी

तीन महिन्यांचं काम झालं की हे कर. तीन पार्टनर बोलाव. एक तुझ्या वजनाचा, एक डावखुरा, एक तुझ्याहून तीन-चार किलो जड आणि आत येणारा. प्रत्येकाशी दोन राउंड, एकूण सहा, मध्ये एक-एक मिनिटच. १६ औंस, हेडगार्ड, आणि कोणालाही डोक्यावर पूर्ण जोर नाही. जड पार्टनर शेवटी. मोबाईल खुर्चीवर ठेवून सगळं रेकॉर्ड कर. मग पहिला आणि सहावा राउंड शेजारी-शेजारी लावून बघ. सहाव्यातही जॅब खांद्यापासून सुटून खांद्यापाशीच परत येतोय, मागची टाच ताब्यात आहे, आणि धरलं गेल्यावर तू रेफरीची वाट न बघता काहीतरी करतोयस, तर लायसन्सचा अर्ज भर. यातलं एक जरी नसेल तर आणखी सहा आठवडे त्या एकाच गोष्टीवर काढ आणि त्याच तिघांना परत बोलाव. दुसऱ्या वेळीही जमलं नाही, तर या वर्षी पुन्हा नॅशनल खेळ, नोकरीचा अर्ज कर, आणि पुढच्या वर्षी हीच चाचणी दे.